आरमाराचा पगार

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाकडे निघालेली होडी सरळ जात नाही. किल्ला समोर हाताच्या अंतरावर दिसत असतो, तरी तांडेल होडी आधी एका बाजूला काढतो, मग वळवतो आणि मध्येच वेग कमी करून पाण्याकडे बघत राहतो. खाली खडप आहे. ओहोटीला त्यातले काही काळे सुळके डोके वर काढतात, पण बरेचसे पाण्याखालीच असतात. ते नेमके कुठे आहेत हे त्याला बापाने दाखवलेले असते, बापाला आजाने. साडेतीनशे वर्षांपूर्वी या बेटावर चालून येणाऱ्या गलबताला हीच वाट ठाऊक नसायची. तटावरच्या तोफा पुढची गोष्ट. शत्रूला पहिल्यांदा अडवायचा तो हा खडप, आणि खडपाची माहिती ज्यांच्याजवळ होती ती माणसे.

सिंधुदुर्गावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. दगड किती, शिसे किती, बुरूज किती, याचे हिशेब आपण पाठ केले आहेत. पण आरमार निवाऱ्याला यावे, त्याची डागडुजी व्हावी, दारूगोळा भरून घेता यावा, यासाठी हा किल्ला बांधला. किल्ला हे घर, आणि आरमार हा त्या घरातला कर्ता माणूस. घर अजून उभे आहे आणि कर्ता माणूस गेला, म्हणून आपण घराचेच कौतुक करत बसलो. हे आरमार उभे कसे राहिले, त्यात माणसे कोण होती, त्यांना पगार कोण देत होते आणि तो पगार बंद झाल्यावर काय झाले, ही कथा याच मालवणात सुरू होऊन याच मालवणात संपते. ती सांगावीशी वाटते.

१६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण आणि भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि स्वराज्याची हद्द खाडीच्या पाण्याला भिडली. त्या काळच्या समुद्राची स्थिती आज डोळ्यांसमोर आणणे कठीण आहे. गोव्याचे पोर्तुगीज आपल्या परवान्याशिवाय कोणाचे जहाज फिरू देत नसत. त्या परवान्याला ते कार्ताज म्हणत. कार्ताज नसलेले गलबत सापडले की माल जप्त. मोठमोठे सुलतान आणि खुद्द मोगल बादशहाची जहाजे ते कागद घेऊन मक्केला जात. राजापुरात इंग्रजांची वखार होती आणि वेंगुर्ल्यात डचांची. दंडा-राजपुरीच्या जंजिऱ्यावर सिद्दी होते. आफ्रिकेच्या हबसाणातून आलेल्या लढवय्यांचे हे वंशज किनाऱ्यावरच्या गावांवर उतरून माणसे धरून नेत. म्हणजे जमीन आपली, माड आपले, मिठागर आपले, पण पुळणीच्या पुढे चार हात गेले की दुसऱ्याचे राज्य. किनारा असूनही समुद्र नाही, ही अडचण दख्खनच्या पठारावर वाढलेल्या राजाला दिसली. त्याच्या बुद्धीचे मोठेपण मला इथे सर्वांत जास्त जाणवते. पठारावरच्या दुसऱ्या कुठल्या सत्तेने हा प्रश्न स्वतःचा मानला नव्हता.

जहाजे बांधायची तर बांधणारे हवेत. कोकणातल्या सुतारांना मचवे, पडाव, शिबाडे बांधता येत होती, पण तोफा पेलून त्यांचा धक्का सोसणारी लढाऊ जहाजे हे काम वेगळे होते. म्हणून महाराजांनी रुई लैतांव व्हिएगस आणि फेर्नांव व्हिएगस या पोर्तुगीज कारागिरांना नोकरीत घेतले. १६५९ मध्ये कल्याण-भिवंडीच्या बाजूला वीस लढाऊ गलबतांचे काम सुरू झाले. त्यांच्या हाताखाली पोर्तुगीज आणि मिश्र रक्ताचे काही शेकडा लोक होते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना हे कळताच त्यांनी ओळखले की ही जहाजे उद्या आपल्याच अंगावर येणार. त्यांनी आतून संधान बांधून व्हिएगस मंडळींना फितवले आणि ते सगळे काम टाकून पळून गेले.

ही हकिगत पुष्कळदा एका ओळीत उरकली जाते. मला ती आरमाराच्या जन्माची खरी गोष्ट वाटते. उसना कारागीर पैशासाठी आला होता आणि स्वजातीच्या हाकेने गेला. पण त्याच्याबरोबर करवत धरणारे, फळ्या वाकवणारे, सांध्यांत काथ्या ठोकून डामर भरणारे हात इथलेच होते, आणि ते कुठे गेले नाहीत. काम थांबले नाही. त्यानंतर या आरमारावर अधिकारी, खलाशी आणि सुतार या तिन्ही ठिकाणी किनाऱ्यावरची माणसे दिसतात.

ती माणसे कोण होती? समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो असे मानणाऱ्या समाजात समुद्रावर जगणारे लोक अर्थातच वरच्या पायरीवरचे नव्हते. मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूला गाबित, उत्तरेकडे कोळी, रत्नागिरीकडे खारवी, दर्यावर्दी मुसलमानांत दालदी, आणि साऱ्या किनाऱ्यावर भंडारी. भंडाऱ्यांचा पिढीजात धंदा माडी काढण्याचा. पायाला दोर अडकवून चाळीस हात उंच माडावर चढणारा माणूस हलत्या डोलकाठीवरही चढू शकतो, हे वेगळे शिकवावे लागत नाही. शिवाय हत्यार धरण्याची त्यांची परंपरा जुनी होती. सभासदाने महाराजांच्या चरित्राच्या बखरीत आरमाराच्या दोन सुभेदारांचा उल्लेख केला आहे. एक दर्यासारंग, तो मुसलमान. दुसरा मायनाक, तो भंडारी. पुढे दौलतखान हे तिसरे नाव ठळक होते. देशावरच्या सैन्यात सरनोबत मराठे, कारभारी ब्राह्मण आणि प्रभू, असा एक साचा होता. समुद्रावर तो साचा चाललाच नाही. ज्याला पाणी कळते त्याच्या हाती पाण्याचा हुकूम, इतका साधा न्याय होता. तीनशे साठ वर्षांपूर्वी तो साधा नव्हता हे आपण विसरतो.

सभासद प्रत्येक सुभ्याची दोनशे जहाजे सांगतो. त्याने बखर जिंजीला बसून, महाराजांच्या मागे दीड दशकाने लिहिली, तेव्हा आकडा थोडा फुगला असेल. पण त्याने दिलेल्या जहाजांच्या नावांत फुगवटा नाही, कारण ती नावे बंदरात रोज कानावर पडणारी होती: गुराबा, तरांडी, गलबते, शिबाडे, मचवे, पगार (हेही एका होडीचेच नाव). यातल्या दोहोंवर आरमार उभे होते. गुराब मोठी. तिला दोन किंवा तीन डोलकाठ्या, बूड उथळ, नाळ पुढे निमुळती होत गेलेली आणि त्या नाळेवरून सरळ समोर मारा करणाऱ्या तोफा. गलबत लहान आणि हलके, शीड असले तरी चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारे. वारा पडला की गलबतांनी गुराबेला दोर बांधायचा आणि वल्हवत ओढून न्यायचे. इंग्रजांची उंच, जड, खोल बुडाची जहाजे वारा पडला की होती तिथेच लटकत. आपली मात्र वाऱ्याशिवायही चालत आणि गुडघाभर पाण्याच्या खाडीतही शिरत. खुल्या समुद्रात समोरासमोर मोठ्या तोफांशी झुंजायला ही जहाजे बनवलेलीच नव्हती. ती या किनाऱ्यासाठी होती, इथल्या खाड्या, वाळूचे पट्टे आणि खडप जमेस धरून.

१६६४ हे मालवणचे वर्ष. जानेवारीत सुरत लुटली गेली आणि खजिन्यात पैसा आला. पावसाळ्यानंतर महाराज कुडाळ प्रांतात उतरले. विजापूरचा खवासखान चालून आला होता, वाडीचे लखम सावंत त्याच्या बाजूला होते. खवासखान परतला, सावंतांना नमावे लागले आणि कुडाळपासून समुद्रापर्यंतची वाट मोकळी झाली. किनाऱ्यावर जागा शोधताना मालवणसमोरचे कुरटे बेट दृष्टीस पडले. बेटाभोवती खडपांचे कडे, आत जायला एक अरुंद, वाकडी वाट, आणि बेटावर गोड्या पाण्याचे झरे. समुद्रातल्या किल्ल्याला तोफांच्या आधी गोडे पाणी लागते. दूधविहीर, दहीविहीर आणि साखरविहीर आजही किल्ल्यावर आहेत आणि खाऱ्या पाण्याच्या मधोमध त्यांचे पाणी गोड आहे.

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी मुहूर्त झाला. मालवणच्या किनाऱ्यावर जिथे पूजा झाली तो मोरयाचा धोंडा लोक अजून दाखवतात. बांधकामावर हिरोजी इंदुलकरांचे नाव परंपरा सांगते. पायाचे दगड पक्के बसावेत म्हणून शिसे ओतले, हजारो माणसे कामावर होती आणि बेटाची वाट दाखवणाऱ्या कोळ्यांना इनामे दिली, असेही परंपराच सांगते. सुमारे ४८ एकरांचे बेट, भोवती तीन किलोमीटरच्या आसपास नागमोडी तट. दरवाजा अशा वळणात लपवला आहे की होडी अगदी जवळ येईपर्यंत तो दिसत नाही. १६६७ च्या मार्चअखेर काम पुरे झाले.

पण सिंधुदुर्ग एकटा नव्हता. किनाऱ्यावर राजकोट. शेजारच्या छोट्या बेटावर पद्मगड, तिथे गलबते बांधायची आणि दुरुस्तीची सोय. उत्तरेला कोळंबच्या खाडीच्या तोंडावर सर्जेकोट, पावसाळ्यात जहाजांना आसरा देणारा. एक लढायचा, एक राखायचा, एक दुरुस्तीचा, एक निवाऱ्याचा, अशी ही कामाची वाटणी होती. आरमाराचे तळ असेच वसतात.

तट अर्धाही उभा नसताना आरमाराची परीक्षा झाली. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः मालवणहून जहाजात बसले. बरोबर ८५ गलबते आणि तीन मोठी जहाजे. गोव्याचा पोर्तुगीज किनारा डाव्या हाताला ठेवून हा तांडा दक्षिणेला उतरला आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावरचे बसरूर हे श्रीमंत बंदर अचानक गाठले. लूट घेऊन परतताना महाराज गोकर्णाला उतरले, पुढे कारवारकडे आले. कारवारच्या इंग्रज वखारवाल्यांनी याची बातमी लिहून ठेवली म्हणून आकडे आपल्याला ठाऊक आहेत. याच सुमाराच्या इंग्रजी पत्रांत या गलबतांना हिणवणारे शब्द आहेत. आपले एक चांगले जहाज असल्या शंभरांना पुरे पडेल, असा त्यांचा तेव्हाचा हिशेब होता.

त्याच वर्षी जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. मिर्झाराजे जयसिंगांना २३ किल्ले द्यावे लागले. त्या यादीकडे मी अनेकदा बघतो. तीत कोंढाणा आहे, लोहगड आहे, माहुली आहे. सिंधुदुर्ग नाही, विजयदुर्ग नाही. डोंगरावरचे जाऊ दिले, पाण्यातले राखले. मालवणच्या बेटावर चुन्याची घाणी फिरतच राहिली.

इंग्रजांचा तो हिशेब चुकला १६७९ मध्ये, खांदेरीला. ऑगस्टच्या अखेरीस, पावसाळा पुरता सरला नसताना, मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसे आणि चार तोफा घेऊन मुंबईच्या तोंडाशी असलेल्या त्या बेटावर उतरला आणि तट घालू लागला. इंग्रजांनी जहाजे आणून बेटाला वेढा घातला. सप्टेंबरात बेटावर उतरायच्या खटपटीत त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखान नागावच्या खाडीतून पन्नासेक गलबते घेऊन पहाटे बाहेर पडला. इंग्रजांची डव्ह नावाची गुराब त्या दिवशी मराठ्यांच्या हाती लागली. इतर छोटी जहाजे पळाली आणि कप्तान मिंचिनच्या रिव्हेंज या मोठ्या जहाजाने एकट्याने तोफा चालवून वेळ निभावली. पण दिवसाची लढाई कोणी जिंकली याला फारसा अर्थ नव्हता. रात्र झाली की लहान गलबते उथळ पाण्यातून, वल्ही दाबून, इंग्रज जहाजांच्या मधून निसटत आणि बेटावर दाणागोटा, चुना, दारू पोचवत. इंग्रज पहारेकऱ्यांना ती दिसेपर्यंत ती परतलेली असत. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी नाद सोडला. सिद्दीने शेजारची उंदेरी व्यापून पुढची कित्येक वर्षे तोफा डागल्या, पण खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

इथपर्यंतची कथा शौर्याची आहे आणि ती सर्वांना आवडते. माझे मन ज्यात गुंतते ती यापुढची, कागदावरची आहे.

रामचंद्रपंत अमात्य बावडेकरांनी १७१५ च्या सुमारास आज्ञापत्र लिहिले. बावडा म्हणजे गगनबावडा. सह्याद्रीच्या ज्या कड्यावरून करूळचा आणि भुईबावड्याचा घाट आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात उतरतो, तिथले हे घराणे. पंतांनी शिवाजी महाराजांचा कारभार जवळून पाहिला होता आणि राजाराम महाराज जिंजीला असताना महाराष्ट्र सांभाळला होता. या छोट्या ग्रंथात एक प्रकरण आरमाराचे आहे. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग, असे तिथे म्हटले आहे आणि ते वाक्य आता भाषणांतून नेहमी ऐकू येते. पण त्या वाक्याच्या पुढे जे आहे ते कोणी फारसे वाचत नाही.

पुढे हिशेब आहे. जहाजे फार थोरही नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असावीत. वाऱ्यावाचून ज्यांचा इलाज चालत नाही अशी अवजड जहाजे काय कामाची? पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा आणि सगळ्या सुभ्यांवर एक सरसुभा. मग येते ते कलम, ज्यासाठी हा सारा लेख लिहिला. आरमाराच्या खर्चाला मुलखाचे ठरावीक उत्पन्न नेमून द्यावे. बंदराच्या उत्पन्नावर आरमाराची नेमणूक करू नये. कारण तसे केले तर आरमारी लोक पैशासाठी व्यापाऱ्यांना नाडतील, व्यापारी बंदर सोडतील, बंदर ओस पडेल.

या नियमाची खोली जरा ध्यानात घ्यावी. हाती तोफा असलेला माणूस आणि समोरून जाणारे मालाने भरलेले जहाज, यांच्यात फक्त एकच गोष्ट उभी असते: त्या माणसाला घरी पगार पोचतो आहे हा भरवसा. तो असेल तर तो शिपाई. तो नसेल तर त्याच माणसाला, त्याच गलबतावर, दुसरे नाव पडते. पंतांनी हे ओळखले होते. म्हणून व्यापाऱ्याकडून माफक जकात घेऊन त्याला सुखरूप जाऊ द्यावे, शत्रूच्या मुलखातले परवान्याशिवायचे जहाज धरले तरी बंदरात आणून मालाला हात न लावता वर कळवावे, असली कलमे त्यांनी घातली. लढाईत वारा उलटला आणि पाणी आपल्या बाजूचे नसेल तर जहाजे किल्ल्याच्या आश्रयाला आणावीत, गनिमाने निशाण दाखवून शरण आल्याचे भासवले तरी एकदम जवळ जाऊ नये, असा अनुभवाचा सल्लाही आहे. पावसाळ्यात आरमाराची छावणी बळकट किल्ल्याच्या निवाऱ्याला करावी, तीही दर वर्षी एकाच बंदरात नको, म्हणजे तिथल्या रयतेला जाच होणार नाही.

आणि लाकडाचे कलम. जहाजाला साग लागतो, तो राज्यातल्या जंगलातून परवानगीने तोडावा, कमी पडेल तो विकत आणावा. पण आंबा-फणसाला हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादे अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे. कोकणात ज्याच्या दारात फणस आहे त्याला या ओळींचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तोफांची जहाजे बांधणाऱ्या सरकारने परसातल्या झाडासाठी मालकाचा होकार मागावा, ही आरमाराची शिस्त होती.

आज्ञापत्र लिहिले गेले तेव्हाच ही शिस्त ढळू लागली होती, आणि म्हणूनच कदाचित ते लिहावे लागले. औरंगजेबाशी चाललेल्या पंचवीस वर्षांच्या झुंजीत खजिना रिता झाला. किनारा सांभाळला तो आपापल्या हिमतीवर उभ्या राहिलेल्या माणसांनी. सिधोजी गुजर आणि त्यांच्यामागून कान्होजी आंग्रे. कान्होजींची योग्यता अपार होती. कार्ताज मागणाऱ्या पोर्तुगीजांना आणि इंग्रजांना त्यांनी आपले दस्तक घ्यायला लावले. शिवाजी महाराजांच्या मनात जे होते ते त्यांनी समुद्रावर करून दाखवले. इंग्रजांनी त्यांच्या विजयदुर्गावर आणि खांदेरीवर मोठ्या मोहिमा नेल्या आणि हात हलवीत परत आले. पण १७१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला वळवले तेव्हा जो करार झाला, त्यात सव्वीस किल्ले-ठाणी आणि त्यांचे उत्पन्न कान्होजींकडे राहिले. सरखेल, म्हणजे आरमाराचा प्रमुख, हे पद होते, आता ते घराणे झाले. राज्याचे अंग एका वाड्याची मिळकत बनले.

मिळकत म्हटली की वाटणी आली. १७२९ मध्ये कान्होजी गेले. काही वर्षांत त्यांच्या मुलांपैकी मानाजी कुलाब्याला आणि संभाजी विजयदुर्गाकडे, अशी आरमाराची दोन शकले झाली. संभाजींच्या मागे तुळाजी आले. त्यांचे पेशव्यांशी बिनसले आणि नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार एका दुपारी पेटले आणि जहाजावरून जहाजावर आग जात सगळे खाक झाले. खाडीच्या काठावर उभे राहिले की अजून पोटात कालवते. पेशव्यांनी पुढे विजयदुर्गाला आनंदराव धुळपांच्या हाताखाली सरकारी सुभा उभारला आणि त्याने चांगली कामगिरीही केली. १७८३ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीजवळ धुळपांनी इंग्रजांचे रेंजर जहाज लढून जिंकले. पण त्या सुभ्याला पुन्हा जुना आवाका आला नाही.

आणि मालवण? छत्रपतींच्या गादीचे दोन भाग झाले तेव्हा सिंधुदुर्ग कोल्हापूरकडे गेला. १७३१ च्या वारणेच्या तहानंतर ते पक्के झाले. आता या आरमाराची अवस्था पाहा. मागे एक लहान राज्य, ते घाटावर. मधे सह्याद्री. किनाऱ्यावर मालवणभोवतीची पट्टी तेवढी आपली. उत्तरेला विजयदुर्ग दुसऱ्याचा, दक्षिणेला वाडीचे सावंत, त्यांच्याशी कायमचे वैर, आणि पलीकडे गोवा. कोल्हापूरला पेशव्यांच्या पटवर्धन सरदारांशी, सावंतांशी, घरातल्या कलहांशी झुंजताना मालवणच्या खलाशांकडे पैसे पाठवायला उरत नव्हते. मुलखाचे उत्पन्न आरमाराला लावावे असे आज्ञापत्र सांगते; इथे मुलूखच उरला नव्हता. समोरून मात्र मुंबईहून केरळाकडे आणि केरळाहून मुंबईकडे मालाची जहाजे रोज जात होती.

व्हायचे ते झाले. मालवणची गलबते येणारी-जाणारी जहाजे धरू लागली. इंग्रजांच्या कागदांत मालवाण हा शब्द चाच्यांचा समानार्थी बनला. त्यांच्या या शब्दावर मी आंधळा विश्वास ठेवत नाही. स्वतःच्या परवान्याशिवाय दुसऱ्याला समुद्रावर फिरू न देणाऱ्या इंग्रज कंपनीने कोणाला चाचे म्हणावे याला मर्यादा आहेत. छत्रपतींच्या सुभ्याने आपल्या पाण्यात जकात मागणे हा गुन्हा नव्हता. पण खरे तेही सांगितले पाहिजे. लुटली जाणारी जहाजे सगळी कंपनीची नव्हती. त्यांत किनाऱ्यावरचे साधे व्यापारी होते, तांदूळ, सुपारी, खोबरे नेणारे. ज्यांचे रक्षण करायला हे आरमार जन्मले होते, तेच त्याला भिऊ लागले. पंतांनी पन्नास वर्षांपूर्वी जे लिहून ठेवले, ते अक्षरशः घडले.

१७६५ मध्ये मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांनी मुंबईहून येऊन सिंधुदुर्ग घेतला. कोल्हापूरचा कारभार तेव्हा जिजाबाईसाहेबांच्या हाती होता. इंग्रजांनी किल्ल्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले आणि वर्षभरातच त्यांना कळले की हा किल्ला सांभाळणे परवडत नाही. १७६६ मध्ये पावणेचार लाखांहून जास्त रुपये घेऊन आणि पुन्हा लूट न करण्याचे वचन घेऊन तो परत दिला. ते नाव मालवणात कोणाच्या तोंडी बसलेच नाही. वचनही टिकले नाही, कारण ते टिकवायला लागणारा पैसा इंग्रजांनीच खंडणी म्हणून नेला होता. १७९२ मध्ये पुन्हा तह, पुन्हा भरपाई. शेवटी १ ऑक्टोबर १८१२ च्या तहाने कोल्हापूरने मालवण बंदर, सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट कंपनीला देऊन टाकले आणि यापुढे लढाऊ गलबते ठेवणार नाही असे कबूल केले. त्याच वर्षी सावंतांनी वेंगुर्ले दिले. तोफ उडाली नाही. पेशवाई बुडायला अजून सहा वर्षे होती, पण समुद्रावरचे कोल्हापूरच्या छत्रपतींचे राज्य मालवणला संपले होते. लढाईत हरून संपले असते तर दुःख वेगळे असते. ते कागदावर सही होऊन संपले, कारण फार आधीच त्याच्या पगाराचा कागद फाटला होता.

माणसे कुठे गेली? ती कुठेच गेली नाहीत. तोफा उतरवल्या आणि त्याच मचव्यांत जाळी भरली. काही मुंबईच्या गोदीत गेले, काही कंपनीच्या आणि पुढे व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून चढले, आणि मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या घराघरांतून बोटीवर जाणारा एक तरी माणूस असायचा ही रीत आपल्या आठवणीपर्यंत चालत आली. रापण ओढताना वीस-तीस जण एका तालात दोर खेचतात तेव्हा ती ताकद आणि तो ताल मला जुना वाटतो. वल्ह्यांवर बसलेली माणसेही अशीच एका आवाजावर हलत असणार.

४ डिसेंबर २०२३ रोजी भारतीय नौदलाने आपला दिवस तारकर्लीच्या किनाऱ्यावर साजरा केला. युद्धनौका दूर खोल पाण्यात उभ्या होत्या, कारण आत खडप आहे. संध्याकाळी पुळणीवर गर्दी इतकी की पाय ठेवायला जागा नव्हती, आणि तिच्यात पुढे होते ते दांडी, मेढा, देवबाग, सर्जेकोट इथले मच्छीमार, मुलांना खांद्यावर घेतलेले. त्याच्या आदल्या वर्षी नौदलाच्या निशाणावर शिवमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला होता. नौदलाच्या जवानाला पगार दिल्लीच्या खजिन्यातून पोचतो, बंदराच्या जकातीतून नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्यात शिरल्यावर उजेडातून एकदम गारव्यात आल्यासारखे वाटते ते शिवराजेश्वराचे मंदिर. राजाराम महाराजांनी ते वडिलांसाठी बांधले. त्याची पूजाअर्चा आजही चालू आहे. आतली मूर्ती बैठी आहे आणि आपल्या ओळखीच्या चित्रांसारखी नाही. चेहऱ्यावर दाढी नाही, आणि डोक्यावर जिरेटोपाऐवजी नावाड्यांच्या टोपीसारखे शिरोभूषण आहे. होडीतून बरोबर आलेला म्हातारा तांडेल दरवाजाबाहेर चपला काढून आत गेला, हात जोडले आणि भरती लागायच्या आत परत फिरायचे म्हणून आम्हांला हाक मारायला लागला.